तीनशेतीनवर मालकंस: सोळा घरांत राग कसा बांधायचा

मुंबईच्या फिल्म-स्टुडिओंत वर्षानुवर्षं गिटार आणि बास वाजवणाऱ्या चरणजीत सिंग यांनी १९८२ साली रोलंड कंपनीची तीन यंत्रं एकमेकांशी जोडली. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ ही बास वाजवणारी चंदेरी डबी. त्यांवर त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले: भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी. तबकडी आली आणि फारसा गाजावाजा न होता विस्मरणात गेली. २०१० मध्ये ती युरोपातून पुन्हा निघाली तेव्हा तिथले डीजे थक्क झाले. जो आवाज शिकागोच्या फ्यूचर या त्रयीने १९८७ मध्ये ‘ॲसिड’ (नाचाच्या संगीताचा एक प्रकार) म्हणून जगापुढे आणला, तो त्याच यंत्रातून पाच वर्षं आधी मुंबईत वाजला होता. पुढे चरणजीत सिंग स्वतः युरोपात जाऊन ते राग रंगमंचावर वाजवून आले. २०१५ मध्ये त्यांचं निधन झालं.

‘ॲसिडचा खरा जनक मुंबईचा’ असं आपल्याकडे अभिमानाने म्हटलं जातं, ते मला पटत नाही. शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकलेली नव्हती. त्यांनी एक टाकून दिलेलं यंत्र सेकंडहँड आणून, त्याची बटणं फिरवत, आपल्या नाचणाऱ्या लोकांसाठी एक संगीत उभं केलं, आणि ते त्यांचंच आहे. चरणजीत सिंग यांचं मोठेपण वेगळं आहे. ३०३ मध्ये घसरणारा स्वर आहे, म्हणजे ती रागाचं चलन, त्यातल्या स्वरांची चाल, बोलू शकते, हे त्यांच्या हातांना कळलं होतं. तेच आपण इथे करून पाहणार आहोत. राग एकच, मालकंस. ओळही एकच, सोळा घरांची. पण ती नीट.

हार्मोनियमवर एकदोन परीक्षा दिलेल्या माणसाला किंवा घरी साधा कीबोर्ड असलेल्या कुणालाही हे जमेल.

यंत्र

मूळ टीबी-३०३ फक्त १९८४ पर्यंत निघाली. एकट्या गिटारवादकाला सरावासाठी बासची साथ मिळावी म्हणून ती बनवली होती, आणि त्या कामात ती अपयशी ठरली. आज तिचे भाव इतके चढलेत की तिच्या नादी लागू नका. बेहरिंगरची टीडी-३ ही तिची नक्कल आहे, रोलंडची स्वतःची टीबी-०३ आहे. दोन्हींत हे काम होतं.

पैसे घालायचे नसतील तर संगणकावर एलएमएमएस हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्यात एलबी३०२ नावाचं वाद्य आधीपासून बसवलेलं असतं, ते ३०३ च्याच वळणाचं आहे. दुसरा मार्ग सर्ज एक्सटी या मोफत सिंथेसायझरचा. त्यात ३०३ स्वतः बांधावी लागते, पण शिकायला तोच उत्तम. एक ऑसिलेटर, म्हणजे स्वर निर्माण करणारा भाग, घ्या, त्यावर करवतीच्या दात्यांसारखी लहर लावा, तिचं नावच सॉ. पुढे २४ डेसिबलचा लो-पास फिल्टर, म्हणजे स्वरातले वरचे अंश कापणारी चाळणी. फिल्टरच्या एन्व्हलपचा (चढ-उताराच्या आराखड्याचा) ॲटॅक (चढ) शून्य, सस्टेन (टिकाव) शून्य, डिके (उतार) ३०० मिलिसेकंदांच्या आसपास. आवाजाच्या एन्व्हलपचा सस्टेन पूर्ण आणि रिलीज अगदी छोटा. वाद्य मोनो (एका वेळी एकच स्वर) आणि लेगाटो (स्वर न तोडता जोडून) करा, पोर्टामेंटो (स्वर सरकायचा वेळ) ६० मिलिसेकंद. शेवटी व्हेलॉसिटी (पट्टी दाबण्याचा जोर) फिल्टरच्या कटऑफला (जिथून कापायचं त्या सीमेला) आणि आवाजाला जोडा, म्हणजे जोरात मारलेला स्वर उजळही होईल. एवढ्यावर काम भागतं.

यंत्र घेणाऱ्यांनी ॲडॅप्टरकडे लक्ष द्या. यंत्राच्या मागे एक छोटं चित्र असतं: मध्ये ठिपका, भोवती अर्धवर्तुळ, दोन्हींना अधिक-उणेची खूण. पिनचा मध्य धन आहे की ऋण ते त्यावरून कळतं. व्होल्ट जुळले म्हणून मी एकदा घरातला कुठलातरी ॲडॅप्टर लावला आणि क्षणात जळका वास आला. ते यंत्र परत बोललं नाही.

सा कुठे धरायचा

पांढरी एक. आवाजाची पट्टी काहीही असो, शिकताना हेच सोपं, कारण ३०३ ची पट्टी पांढरी एकपासूनच सुरू होते. मग मालकंस असा बसतो: कोमल गंधार काळी दोन, मध्यम पांढरी चार, कोमल धैवत काळी चार, कोमल निषाद काळी पाच. रिषभ आणि पंचम वर्ज्य.

बाससाठी सा खालच्या सप्तकात घ्यायचा, ६५ हर्ट्झच्या आसपास. मोबाइलच्या स्पीकरवर तो मूळ स्वर ऐकूच येत नाही, फक्त त्याचे वरचे अंश येतात. तेव्हा हेडफोन लावा. आवाज मात्र कमी ठेवून सुरुवात करा, कारण पुढे रेझोनन्स वाढवल्यावर एखादा स्वर एकदम कानात घुसतो.

ओळ कागदावर

यंत्र अजून सुरू करू नका. चौकटीचा कागद घ्या आणि सोळा घरं आखा.

टीबी-३०३ ची एक ओळ सोळा घरांची असते, म्हणजे पाश्चात्त्य हिशेबात चार ठोक्यांचे प्रत्येकी चार तुकडे. आपल्याला हा आकडा चांगला ओळखीचा आहे. त्रितालाच्या सोळा मात्रा, चार-चारचे चार विभाग. टाळ्या पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, खाली नवव्यावर. गती मिनिटाला १२० ठोके ठेवली तर सोळा घरं बरोबर दोन सेकंदांत संपतात, म्हणजे हा अतिद्रुत त्रितालच झाला. ३०३ बनवणाऱ्यांच्या मनात त्रिताल नव्हता, हे उघड आहे. पण घरं जुळतात तर ती आपण आपल्या पद्धतीने भरू.

ग, ध, नि कोमल धरून ही ओळ लिहा:

सा सा – ग | म म ग सा | – म ध नि | ध म ग सा

आता हाताने टाळी-खाली दाखवत ती म्हणा. आधी सावकाश, एका सेकंदाला एक घर. समेवर सा. दुसऱ्या टाळीला मध्यम, जो मालकंसाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर. नववं घर रिकामं, म्हणजे खालीला बास गप्प. आणि दहाव्या घरापासून ‘म ध नि ध म ग सा’ हे मालकंसाचं ओळखपत्रच सलग येतं आणि समेवर जाऊन टेकतं.

ही शिस्त का? आजकाल बहुतेक सॉफ्टवेअरांत ‘स्केल’ निवडायची सोय असते. पाच स्वरांवर खूण करायची, मग यंत्र त्यातूनच काहीबाही वाजवत राहतं. मी सुरुवातीचे कित्येक महिने तेच करत होतो. चुकीचा स्वर एकही लागत नव्हता, तरी मालकंस दिसत नव्हता. मध्यमावर कुणी थांबत नव्हतं आणि गंधारावर वरून कुणी उतरत नव्हतं. राग स्वरांच्या यादीत नसतो, तो या थांबण्या-उतरण्यात असतो. आणि त्यासाठी लागणाऱ्या दोन गोष्टी ३०३ मध्ये आहेत.

स्लाइड आणि ॲक्सेंट

यंत्रात ओळ भरण्याची मूळ ३०३ ची रीत विचित्र वाटते. आधी फक्त स्वर भरायचे, एकामागून एक, काळाचा विचार न करता. मग वेगळ्या फेरीत काळ भरायचा: इथे स्वर, इथे विश्रांती. वरच्या ओळीत स्वर चौदा आणि रिकामी घरं दोन, तिसरं आणि नववं. पहिल्या फेरीत चौदा स्वर द्या, दुसऱ्या फेरीत ती दोन घरं मोकळी सोडा. या पद्धतीला वैतागून अनेकांनी ही डबी विकून टाकली. आपल्याकडे ज्यांनी आधी स्वर घोकून मग लय धरली आहे, त्यांना ती तेवढी परकी वाटू नये.

पुढे ॲक्सेंट, म्हणजे स्वरावरचा जोर. तीन घरांवर द्या: १, ५ आणि १३. म्हणजे टाळ्यांच्या जागा. ॲक्सेंटने स्वर फक्त मोठा होत नाही, फिल्टरही जास्त उघडतो आणि त्याचा उतार तोकडा, टोकदार होतो. जवळजवळ आलेले ॲक्सेंट एकावर एक चढत जातात, म्हणून सगळीकडे देऊ नका. तीन पुरेत.

मग स्लाइड. इथे हात आखडता घेऊ नका, पण जागा निवडून द्या. चार जागा: चौथ्या घराचा ग पाचव्याच्या म वर, सातव्याचा ग आठव्याच्या सा वर, अकराव्याचा ध बाराव्याच्या नि वर आणि चौदाव्याचा म पंधराव्याच्या ग वर. काही यंत्रांत ज्या घरातून घसरायचं त्यावर खूण करतात, काहींत ज्या घरात पोचायचं त्यावर. दोन स्वरांची ओळ करून एकदा तपासून घ्या.

स्लाइड म्हणजे नेमकं काय होतं? दुसरा स्वर नव्याने छेडला जात नाही. दार उघडंच राहतं, एन्व्हलप पुन्हा सुरू होत नाही, फक्त स्वर सरकतो. सतारीवर एकदा तार छेडून तिच्याच आसेत पुढचा स्वर ओढावा, तसं. म्हणूनच ती मींडेला, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड जाण्याला, जवळची आहे. फरक एवढाच की मींड कलाकार हवी तेवढी लांबवतो, ३०३ ची स्लाइड मात्र ठरलेल्या वेळातच पुरी होते, गती काहीही असली तरी. त्यामुळे गती १३५-१४० वर नेली की घसरण घराचा मोठा भाग व्यापते आणि स्वर स्थिर उभा राहतच नाही. मालकंस गंभीर राग आहे. ११५ ते १२२ च्या बाहेर मी तो नेत नाही.

चौदावा-पंधरावा, म वरून ग, हा जोड वेगळा लूप करून ऐका. फक्त तेवढाच, दहा मिनिटं. तो जुळला की उरलेली ओळ आपोआप रागात येते.

फिल्टर, आणि त्यात लपलेला पंचम

आता यंत्र चालू ठेवून बटणांना हात लावायचा. आधी हे करा: तोंड मिटत ‘ओ’ म्हणत सा लावा, मग सा न सोडता हळूहळू ‘ओ’चा ‘आ’, ‘आ’चा ‘ए’ करा. स्वर तोच, रंग बदलला. तोंडाच्या पोकळीने स्वरातले वेगवेगळे अंश पुढे आणले. कटऑफ हेच करतं. सॉ लहरीत मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे अंश असतात. लो-पास फिल्टर वरचे कापतो. रेझोनन्स वाढवला की जिथे कापतो त्याच कडेवरचा अंश फुगून येतो. तीच ती ३०३ ची चिरकी, ओली किंकाळी.

सुरुवातीला बटणं घड्याळाप्रमाणे अशी लावा: कटऑफ ९ वाजता, रेझोनन्स १ वाजता, एन्व्ह मॉड (एन्व्हलपचा फिल्टरवरचा जोर) १२ वाजता, डिके ११ वाजता, ॲक्सेंट २ वाजता. लहर सॉ. चौकोनी लहर का नको, ते पुढे येतंच आहे.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कानानेच सापडलं. सा वर थांबून, रेझोनन्स खूप चढवून, कटऑफ अगदी हळू उघडा. आधी सा, मग वरचा सा, आणि त्यानंतर स्पष्ट शिटीसारखा पंचम ऐकू येतो. आणखी वर गेलात की शुद्ध गंधार. तंबोऱ्याच्या षड्जातून स्वयंभू गंधार निघतो असं गुरुजन सांगतात, तो हाच. सा चा तिसरा अंश पंचम, पाचवा अंश शुद्ध गंधार. इतर वेळी हा आनंद आहे. मालकंसात मात्र पंचम वर्ज्य आहे आणि गंधार कोमल. तुम्ही एकही चुकीची पट्टी दाबली नाहीत, तरी फिल्टर तुमच्या रागात पंचम घालतो. चौकोनी लहरीत तर एकी अंशच असतात, पहिला, तिसरा, पाचवा, म्हणून तिथे तो पंचम जास्तच उघडा पडतो.

यावर उपाय मध्यमात आहे. मध्यमाचा तिसरा अंश काढा: तो येतो षड्ज. म्हणजे कटऑफची लांब, नाट्यमय उघडझाप करायची ती ओळ मध्यमावर असताना करा, तेव्हा शिटी सा ची वाजते. ओळ सा वर आली की कटऑफ पुन्हा खाली. दोन सेकंदांच्या ओळीत हे हाताने साधायला सराव लागतो. सोपी पायरी अशी: फक्त म ची सोळा घरांची वेगळी ओळ करा, रिकामी घरं आणि ॲक्सेंट तेच ठेवून. मोठा फिल्टर-उठाव त्या ओळीवर घ्या आणि कळसाला पोचलात की मूळ ओळीवर उडी मारा. मालकंसात तंबोरा पंचमाऐवजी मध्यमाला लावतात, त्यामागे हाच विचार आहे. आपण तो फिल्टरला लावला.

ठेका

८०८ वर फार वेळ घालवू नका. किक (मोठ्या ढोलाचा ठोका) १, ५, ९, १३. क्लॅप ५ आणि १३. उघडी हॅट (झांज) ३, ७, ११, १५. चौथ्या आवर्तनात नवव्या घरातली किक काढा, म्हणजे खालीची जागा सगळी मोकळी होते आणि पुढे समेवर येणारा सा दुप्पट वजनाने पडतो. मूळ ८०८ नसेल तर तिच्या आवाजांचे नमुने कुठल्याही सॉफ्टवेअरात मिळतात. ज्यांच्या घरी ऑर्केस्ट्रासाठी किंवा बेंजो पार्टीसाठी ऑक्टोपॅड आहे, त्यांनी हॅट हाताने वाजवावी. यंत्राच्या किकवर माणसाची हॅट फार छान बसते.

यंत्रं दोन असतील तर ती एकाच घड्याळावर चालली पाहिजेत. १९८२ मध्ये मिडी, म्हणजे वाद्ययंत्रांची एकमेकांशी बोलायची सामायिक भाषा, नव्हतं, ते १९८३ मध्ये आलं. त्याआधी रोलंडची यंत्रं सिंक केबलने जुळत. आज मिडी क्लॉक किंवा यूएसबी पुरतं. एक यंत्र मालक, दुसरं अनुयायी, हे सेटिंगमध्ये ठरवा. दोन्ही मालक राहिली तर काही मिनिटांत ठेका फाटतो.

तंबोरा

दुसऱ्या सिंथवर किंवा त्याच सॉफ्टवेअरच्या दुसऱ्या ट्रॅकवर दोन सॉ ऑसिलेटर लावा, एक सा वर, एक खालच्या म वर. फिल्टर अर्धा बंद, त्यावर अतिशय मंद एलएफओ (आपोआप हेलकावे देणारी संथ लहर), आठ-दहा सेकंदांचा एक हेलकावा. दोन्ही ऑसिलेटर अगदी किंचित बेसूर ठेवायचा मोह होईल, कारण त्याने आवाज जाड होतो. इथे तो टाळा. रागाला सा पक्का लागतो. जाडी हवी तर थोडा डिले द्या. आणि हा तंबोरा बासच्या खाली दबेल इतकाच ठेवा.

स्वर बारीक लावणं

कीबोर्डाचे बारा स्वर समान अंतरावर असतात, प्रत्येकी १०० सेंट (सेंट हे स्वरांतर मोजायचं बारीक माप). मालकंस तसा नाही. म ४९८ सेंटवर, कोमल नि ९९६ वर, हे फरक छोटे. पण कोमल ग ३१६ वर आणि कोमल ध ८१४ वर, म्हणजे कीबोर्डपेक्षा चांगले चौदा-सोळा सेंट वर. तंबोरा चालू असताना हा फरक झोंबतो.

सर्ज एक्सटी आणि वाइटल हा दुसरा सिंथेसायझर, दोन्हींत स्काला पद्धतीची ट्यूनिंग फाइल भरता येते. ती साध्या मजकुराच्या संपादकात लिहायची. पहिल्या ओळीत नाव, दुसऱ्या ओळीत १२, मग बारा ओळी, सा नंतरच्या प्रत्येक पट्टीची एक, शेवटची वरच्या सा ची. अंक कीबोर्डावरचे नेहमीचे, देवनागरी नकोत. सेंट लिहिताना दशांश बिंदू हवाच, नाहीतर आकडा गुणोत्तर समजला जातो. सा सोडून मोजताना तिसऱ्या पट्टीला ६/५, पाचवीला ४/३, आठवीला ८/५, दहावीला १६/९, बारावीला २/१. उरलेल्या पट्ट्या मालकंसात लागतच नाहीत, त्यांना १००.०, २००.० असे नेहमीचे आकडे द्या. गंधार याहून थोडा उतरलेला हवा असं तुमचा कान म्हणत असेल, तर कानाचं ऐका आणि गुणोत्तर काढून सेंट लिहा.

टीबी-३०३ आणि तिच्या नकलांना ही सोय नाही. तिथे मी असं करतो: बासला कीबोर्डाच्याच सुरात राहू देतो, ओळीतल्या ग आणि ध वर थांबत नाही, त्यांच्यावरून स्लाइडने जातो. घसरणीत ते चौदा-सोळा सेंट विरघळतात. थांबा फक्त सा आणि म वर, आणि ते दोन्ही स्वर कीबोर्डात जवळजवळ बरोबरच आहेत.

वरची धून

ज्युपिटरचं काम. मंद ॲटॅकचा, मऊ, थोडा बासरीसारखा आवाज निवडा आणि पिच बेंडची (स्वर वर-खाली ओढणाऱ्या चाकाची) मर्यादा तीन सेमीटोनांवर, म्हणजे लागोपाठच्या तीन पट्ट्यांच्या अंतरावर, ठेवा. बहुतेक यंत्रांत ती मुळात दोन असते. तीन का, तर मालकंसात शेजारचे दोन स्वर जास्तीत जास्त तेवढेच दूर आहेत: सा ते ग तीन, ग ते म दोन, म ते ध तीन, ध ते नि दोन, नि ते सा दोन. म्हणजे कुठल्याही स्वरावरून पुढच्या किंवा मागच्या स्वरापर्यंत मींड एका पट्टीवर, चाकानेच घेता येते. तीनची मींड चाक पूर्ण फिरवून, दोनची सुमारे दोन-तृतीयांश. ही दुसरी जागा अंगठ्याला लक्षात राहायला आठवडा लागतो. रोज पाच मिनिटं फक्त म वरून ग वर या आणि परत म वर जा, मागे नुसता तंबोरा.

एका दमात

आता रेकॉर्ड करा, पण तुकडे जोडून नाही. पहिली दोन मिनिटं फक्त तंबोरा आणि वरची धून, आलापासारखी. मग बासची ओळ कटऑफ जवळजवळ बंद ठेवून आत आणा, किकशिवाय. किक आल्यावर चार आवर्तनं हात लावू नका. त्यानंतर हळूहळू उघडत जा. मध्ये एक दुसरी ओळ हवी, नाहीतर कान कंटाळतो. माझी ही आहे, यातले ‘नि ध | नि’ मंद्रातले:

सा – नि ध | नि सा – ग | म – ग म | ग – सा –

तीन वेळा पहिली, एकदा ही. हिच्यात खालीवर मध्यम येतो आणि पहिल्या ओळीतली शांतता अचानक भरून निघते.

मालकंस रात्रीच्या तिसऱ्या प्रहराचा. बारा ते तीन. शिकागोच्या क्लबात ॲसिड वाजायची वेळही साधारण हीच, आणि पुढे नव्वदच्या दशकात हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यांवर ३०३ चा आवाज गोवा ट्रान्समध्ये शिरला तेव्हाही तो मध्यरात्रीनंतरच घुमायचा. शेजाऱ्यांसाठी हेडफोन लावा आणि एकदा त्या वेळेला बसा.

शेवट करताना किक आधी काढा, मग बासचे स्वर एकेक करून, नि, ध, ग. सा आणि म उरले की ॲक्सेंट शून्यावर आणा, कटऑफ बंद करत न्या आणि तंबोरा तेवढा चालू ठेवा.